सरांचा हात न लागलेलं चित्र

आमच्या चित्रकलेच्या सरांना शिकवताना फार बोलायची सवय नव्हती. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या वर्गात आम्ही पोरं फरशीवर बोर्ड टेकवून बसायचो आणि सर मागून फिरत यायचे. कुणाच्या तरी पाठीशी थांबायचे, थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, “सरक.” पोरगा सरकायचा. सर त्याच्या जागी मांडी घालायचे, त्याच्याच हातातला ब्रश घ्यायचे आणि चित्र दुरुस्त करायला लागायचे. वाकडं घर सरळ व्हायचं, बैलाला चौथा पाय यायचा. शेवटी वरच्या उजव्या कोपऱ्यात रिकामं दिसतंय म्हणून कडुलिंबाची एक फांदी खाली सोडायचे आणि गुडघ्यावर हात देऊन उठायचे.

याला आम्ही ‘हात लागणं’ म्हणायचो. घरी जाताना एकमेकांना विचारायचो, “तुला लागला का आज?” एकदा हात लागला की त्या चित्राला आपला ब्रश परत लावायचा नाही, असा आमचा आम्हीच केलेला नियम होता. ज्याचं चित्र जास्त बिघडलेलं, त्याला हात जास्त, हे उघड होतं. पण गुरूबद्दल असा हिशेब करायची आम्हाला सवय नव्हती.

माझ्या चित्राला हात कधी लागला नाही. मी होटगीहून सकाळच्या पॅसेंजरनं सोलापूरला यायचो. वडील रेल्वेत गँगमन होते. ते ऑफिसातून जुन्या वेळापत्रकांचे मोठे कागद मागून आणायचे. एका बाजूला गाड्यांच्या वेळा, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी चित्रं काढायचो. सर माझ्याही मागं थांबायचे. बघायचे. “हं,” म्हणायचे आणि पुढच्याकडं जायचे. त्या ‘हं’चा अर्थ मी पुढं कितीतरी वर्षं लावत बसलो. कधी वाटायचं, बरं जमलंय. बहुतेक वेळा वाटायचं, याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही असं सरांना वाटलं असणार.

तरी सरांचे उपकार मी विसरू शकत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. पोरगा चित्रं काढून पोट भरेल, हे वडिलांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. सर स्वतः होटगीला आले, आमच्या क्वार्टरच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायले आणि वडिलांना म्हणाले, “याला डिप्लोमाला घाला. मास्तर होईल.” मी मास्तर झालो. नोकरी करता करता पदवी घेतली. आज जुळे सोलापुरात आमचा छोटा फ्लॅट आहे, त्यात आई माझ्याजवळ राहते, वडील मात्र आता नाहीत. हे सगळं त्या एका चहावर उभं आहे, असं मी मानतो.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सूचना आली. सरांना मानवंदना म्हणून प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. सूचना पाठवणारा आमचा अध्यक्ष. तो वर्गात सगळ्यात मागं बसायचा आणि आता त्याचा फ्लेक्स छपाईचा मोठा धंदा आहे. त्याला अध्यक्ष कुणी केलं हे कुणाला आठवत नाही, पण फ्लेक्स त्याच्याकडंच छापायचा असल्यामुळं प्रश्न आला नाही. प्रदर्शनाची अट एकच होती. चित्राला सरांचा हात लागलेला असणं आवश्यक. कुठं लागलाय ते लाल गोल करून फोटो पाठवावा.

मग ग्रुपवर लाल गोलांचा पाऊस पडला. कुणी बैलाच्या पायाला गोल केला, कुणी विहिरीला. दोघा जिवलग मित्रांचं एका शेपटीवरून वाजलं. चित्र एकाचं होतं, पण दुसरा म्हणत होता की ती शेपटी मीच काढून दिली होती, सर त्या दिवशी आलेच नव्हते. अध्यक्षानं आपल्या चित्राच्या पूर्ण चौकटीभोवती गोल काढला आणि खाली लिहिलं, “माझ्या चित्रात माझं फक्त नाव आहे, बाकी सगळे सर.” याच्यावर हात जोडलेली एवढी चिन्हं पडली की माझा फोन गरम झाला. ज्याला अजिबात चित्र काढता येत नव्हतं, तो बघता बघता सरांचा पट्टशिष्य ठरला.

टेंभुर्णीहून वर्गाला येणारा एक जण आता पुण्यात असतो आणि मोठा कलावंत आहे. त्याला आम्ही पुणेकरच म्हणतो. त्यानं सरांनी काढलेल्या फांदीचा एकच फटकारा घेतला, तो फोटो काढून भिंतीएवढा मोठा केला आणि त्याला ‘पुनर्वाचन’ असं नाव दिलं. बाकीचं चित्र त्यानं काढून टाकलं होतं. ते चित्र त्याचंच होतं, त्यामुळं तक्रार करणारं कुणी नव्हतं. ज्यांची जुनी चित्रं वाळवीनं खाल्ली होती, ते नवीन चित्रं काढायला बसले आणि प्रत्येकानं वरच्या उजव्या कोपऱ्यात फांदी सोडली. एकानं तर फोनमधल्या एआयला सांगूनच ‘सरांच्या शैलीत’ चित्र करून घेतलं. त्यातली फांदी खालून वर उगवली होती.

मी गप्प राहिलो असतो. पण एका संध्याकाळी मी फोनवर बोलताना आईनं ‘प्रदर्शन’ हा शब्द ऐकला.

“आपलं चित्र लावणार व्हय रं?” तिनं विचारलं.

आपलं चित्र म्हणजे तिचं चित्र. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी ते सरांच्या वर्गासाठी, तसल्याच वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर काढलं होतं. होटगीच्या क्वार्टरसमोर आई दुपारच्या उन्हात शेंगा फोडत बसलीय, मागं नुसती पांढरी भिंत. तो वर्ग सोडला तर आजवर ते आमच्या घराबाहेर कुठं गेलं नव्हतं. वडिलांनी ते काचेत बसवून घेतलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते म्हणायचे, “आमच्या पोरानं काढलंय.” चार लोकांत ते लागावं असं त्यांना फार वाटायचं. ते राहून गेलं.

“बघू,” मी म्हणालो.

‘बघू’ला आई होकार समजते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, “आम्ही पण येणार हं, तुमच्या आईंचं चित्र बघायला.” वॉचमननं विचारलं. दूधवाल्यानं विचारलं. आईनं इस्त्रीला साडी टाकली होती.

मी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि अध्यक्षाच्या दुकानात घेऊन गेलो. तिथं छाननी चालू होती. दारातच प्रदर्शनाचा फ्लेक्स वाळत घातला होता. मधे सरांचा फोटो आणि शेजारी, अंमळ मोठा, अध्यक्षाचा. अध्यक्ष आणि पुणेकर दोघं माझ्या चित्रावर वाकले. अध्यक्षानं भिंग घेतलं.

“मस्त आहे की रे,” तो म्हणाला. “मावशीच दिसतायत. पण हात कुठंय?”

“हात लागला नाही.”

“कुठंच नाही? नीट आठव. ह्या शेंगा बघ, ह्या शेंगा सरांच्या वाटतात.”

“शेंगा माझ्याच आहेत.”

“मग भिंतीवर तरी?”

“भिंतीवर काहीच नाही.”

पुणेकरानं मान हलवली. “चित्र चांगलंय, त्यात वाद नाही. पण यात परंपरेशी संवाद दिसत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे नुसतं तूच काढलंयस.”

अध्यक्षाला माझं तोंड बघून वाईट वाटलं असावं. स्वभावानं तो वाईट नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, “येडा आहेस का? सर कुठं गेलेत? इथंच तुझ्या घराच्या मागच्या गल्लीत राहतात. जा, सांग त्यांना. एक फांदी मारून आण. अजून वेळ आहे.”

सगळ्या जगात मानवंदना मेल्यावर देतात. आमच्याकडं ज्याला द्यायची तो मागच्याच गल्लीत पेपर वाचत बसला होता, आणि ही सोय वापरायला कुणाचीच ना नव्हती. मीही दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र, ब्रश आणि रंगाची पेटी घेऊन सरांकडं गेलो.

सर गॅलरीत बसले होते. आता त्यांचा उजवा हात थोडा कापतो. मी पाया पडलो, चित्र समोर ठेवलं आणि खालमानेनं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसून चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं.

“हं,” ते म्हणाले.

आता विचारलं नाही तर कधीच नाही, असं वाटून मी विचारलं, “सर, तुम्ही सगळ्यांच्या चित्राला हात लावायचा. माझ्या कधीच लावला नाहीत. का?”

“तुझ्या?” सर आठवायला लागले. “तू तो होटगीचा. वेळापत्रकावर काढायचास.”

“हो सर.”

“अरे, तुझा कागद किती पातळ! मी पाणी जास्त घेणारा माणूस. हात लावला असता तर फाटला असता की.”

 इतकी वर्षं त्या ‘हं’वर मी काय काय इमले बांधले होते. चांगलं आणि वाईट दोन्ही बाजूंनी. आणि कारण निघालं कागदाची जाडी.

“आणि चित्र कसं वाटायचं सर?”

“चित्र?” सर म्हणाले. “चित्राकडं माझं लक्ष कुठलं! मी कागदाकडंच बघायचो.”

मग त्यांनी स्वतःच हात पुढं केला. “आण, ब्रश दे. फांदीच पाहिजे ना? काच काढ. आणि सरक तिकडं.”

खरं सांगतो, ‘सरक’ हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कागद पातळ आहे हे त्यांनी नुकतंच सांगितलं होतं, मलाही कळलं होतं, तरी मी सरकलो. आनंदानं सरकलो. सरांनी ब्रश पाण्यात बुडवला, हिरवा रंग घेतला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातून फांदी खाली सोडली. हात कापत होता, पण फांदीला ते शोभत होतं. दोन पानं आली, तिसरं आलं. तिसऱ्या पानाला पाणी जास्त झालं. ते टिपायला सरांनी जुन्या सवयीनं अंगठा फिरवला आणि कागद उघडला. आईच्या डोक्यावर, भिंतीत, लिंबाएवढं भोक पडलं.

“बघ,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट वाटण्यापेक्षा बरोबर ठरल्याचं समाधान जास्त होतं. “म्हणलं नव्हतं का?”

मी तेव्हा ते चित्र घरी न्यायला हवं होतं. पण आईची साडी इस्त्रीहून आली होती. मी ते तसंच अध्यक्षाच्या दुकानात नेलं आणि आता हे घेणार नाहीत, म्हणजे प्रश्न मिटेल, असं मनात म्हणालो.

अध्यक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. “सरांचा अंगठा!” तो म्हणाला. “आपल्या सगळ्यांच्या चित्रांना नुसता ब्रश लागलाय. याच्यात सर आरपार गेलेत.”

पुणेकरानं चित्र उजेडासमोर धरलं. मागच्या बाजूच्या गाड्यांच्या वेळा अंधुक दिसायला लागल्या. “यात स्थलांतर आहे,” तो पुटपुटला. “आणि भोक म्हणजे गुरूची अनुपस्थिती.” गुरू त्या वेळी जेवून झोपले असतील.  माझं चित्र दारासमोरच्या मुख्य भिंतीवर एकटं लागलं, वर दिवा. खाली पाटी : ‘हात’. आणि त्याखाली सरांचं नाव मोठं, माझं लहान.

उद्घाटनाला सर प्रमुख पाहुणे होते. फीत कापून ते खुर्चीत बसले आणि एकेकाचा नमस्कार घ्यायला लागले. लोक भिंतीभिंतीनं फांद्या बघत हिंडत होते. तेवढ्यात आई आली. बरोबर खालच्या काकू, त्यांची सून, वॉचमनची बायको. आईनं दारातूनच चित्र ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. जवळ गेली तशी पावलं हळू झाली.

“आरं, हे काय?” ती म्हणाली. “माज्या डोक्यावर भोक?”

“मावशी, ते भोक नाही,” अध्यक्ष पुढं आला. “तो सरांचा स्पर्श आहे.”

“आन् हे हिरवं काय?”

“कडुलिंबाची फांदी. सरांची खूण आहे ती.”

“आवो, पर हितं लिंब न्हवता की!” आईचा आवाज चढला. “आमच्या दाराला सावली कुटं हुती? एक झाड न्हवतं. उनात बसून मी शेंगा फोडल्यात. लई चटका बसायचा भिंतीचा. म्हनून तर ह्यानं भिंत अशी पांढरी काढली हुती.”

लोक जमायला लागले. पुणेकर फोनवर चित्रण करू लागला. आई तडक सरांच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. पदर नीट केला, नमस्कार केला.

“सर, तुमी आमच्या घरी आला हुता. उंबऱ्यावर चा पिला. झाड बघितलं हुतं का तितं?”

सर विचारात पडले. “नाही आक्का. झाड नव्हतं. घाम पुसत चहा प्यायलो मी.”

“मग फांदी कुटनं आली?”

“ती माझी नाही,” सर सरळ म्हणाले. “माझे सर काढायचे. आमच्या सगळ्यांच्या चित्रांना तशीच लावली त्यांनी. आणि त्यांनी ती एका जुन्या कॅलेंडरावरनं घेतली होती. त्या कॅलेंडराच्या कोपऱ्यावर खिळ्याचा गंज उतरला होता, तो झाकायला कुणीतरी पानं काढली होती म्हणे.”

 मग अध्यक्षानं माइक हातात घेतला. “पाहिलंत! केवढी ही नम्रता! स्वतःचं श्रेय स्वतःच्या गुरूला!” टाळ्यांचा कडकडाट झाला. शेपटीवरून भांडलेले दोघंही मन लावून टाळ्या वाजवत होते. सर “अरे नाही, खरंच” म्हणत होते, पण माइक त्यांच्याकडं नव्हता.

आईनं टाळ्या थांबायची वाट बघितली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, “काढ ते. घरी चल.”

“मावशी, असं कसं?” अध्यक्ष घाबरला. “पत्रकार यायचेत अजून. मुख्य चित्र आहे ते. आणि खरं म्हणजे ते आता तुमचं राहिलं नाही. सरांचं आहे.”

“चित्रात बसलीया कोन?”

अध्यक्षानं पाटीवरच्या सरांच्या नावाकडं बोट केलं.

“सर बसलेत व्हय हितं शेंगा फोडत?”

काकूंच्या सुनेला हसू आवरलं नाही. मी सरांकडं बघितलं. ज्या माणसानं मला मास्तर केलं, त्याच्या सन्मानाच्या दिवशी, त्याच्या समोर, त्याचा हात लागलेलं चित्र भिंतीवरून उतरवायचं.  सर काही बोलले असते तर बरं झालं असतं. जा म्हणाले असते तरी, राहू दे म्हणाले असते तरी. पण त्यांच्यापुढं सहीसाठी कुणीतरी पत्रिका धरली होती आणि ते चष्मा शोधत होते. आई चित्राखाली उभी होती. तिच्या डोक्यावर कागदातलं भोक, त्याच्यावर दिवा. तिनं त्या साडीला इतकं जपून निऱ्या घातल्या होत्या.

मी खुर्ची ओढली, वर चढलो आणि चित्र काढलं.

“अरे, परंपरा आहे ती!” पुणेकर ओरडला.

“माझी आई आहे,” मी म्हणालो. माझा आवाज फार मोठा नव्हता. बहुतेकांना ऐकूही गेला नसेल.

बाहेर रिक्षात आई चित्र मांडीवर सरळ धरून बसली, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवरच्या बाईनं वाकून बघितलं, मग आईकडं बघितलं.

“तुमीच की हो!” ती म्हणाली.

“व्हय,” आई म्हणाली. “पोरानं काढलंय.”

दुसऱ्या दिवशी मी काच उघडली. भोकामागं जाड ड्रॉइंग पेपरचा तुकडा चिकटवला आणि आई शेजारी बसून सांगत होती तशी भिंत पुन्हा रंगवायला लागलो. फांदीपाशी आलो तेव्हा ब्रश थांबला. हात लागलेल्या चित्राला पुन्हा ब्रश लावायचा नाही, हा नियम आठवला. आईला मी तो सांगितला.

“बरं,” ती म्हणाली, “त्या पानाच्या मागं ऊन हाय न्हवं?”

“आहे.”

“मग दाव की.”

मी पांढरा रंग घेतला, पाणी अगदी कमी, आणि पहिल्या पानावरून भिंत पुढं ओढली.